शंभर डॉलरचा आमदार आणि नागपुरातली एक सही

दसरा झाला की आमच्या शाळेच्या ग्रुपवर तेच सुरू होतं. नागपूरचं हिवाळी अधिवेशन येऊन राहिलं, एवढा खर्च कशासाठी, 2024 ला तर सहाच दिवस चाललं, आमदार कमी करा, पेन्शन बंद करा, सरकारच अर्धं करा. यंदा एकाने मेसेज टाकला की अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये प्रतिनिधीला वर्षाला फक्त शंभर डॉलर मिळतात, आणि खाली मला टॅग करून लिहिलं, तू तिथंच राहतो ना, खरं का बे हे?

खरं आहे. दोन वर्षांच्या टर्मचे दोनशे डॉलर. 1889 मध्ये राज्यघटनेत लिहिलं ते अजून तसंच आहे, वर फक्त जाण्यायेण्याचा खर्च मिळतो. खालच्या सभागृहात 400 जण, सिनेटमध्ये 24, आणि राज्याची लोकसंख्या जेमतेम 14 लाख. नागपूर शहरच 2011 च्या जनगणनेत 24 लाख होतं आणि त्याला आमदार सहा! म्हणजे ज्या राज्याचं उदाहरण देऊन आपण आमदार कमी करा म्हणतोय तिथं साडेतीन हजार माणसांमागे एक प्रतिनिधी आहे, आणि महाराष्ट्रात 288 आमदार धरले तर सरासरी चार लाखांच्या आसपास लोकांमागे एक. मेसेज पाठवणाऱ्याने पगाराचा आकडा वाचला, हा नाही वाचला.

इथल्या प्रतिनिधीला ऑफिस नाही, पीए नाही. घरचा फोन, स्वतःची गाडी, आणि सेशन असलं की राजधानीला, काँकर्डला जायचं. शंभर डॉलरमध्ये कोणाचं घर चालत नाही त्यामुळे निवडून येणारे बरेचसे निवृत्त किंवा पोटापाण्याची सोय असलेले, तिशीतला नोकरदार माणूस फार कमी दिसतो. हा तोटा मला मोठा वाटतो. पण एक गोष्ट मला फार आवडते. इथं सभागृहात आलेल्या प्रत्येक बिलावर, म्हणजे विधेयकावर, जाहीर सुनावणी होते, कोणीही जाऊन कार्ड भरून दोन मिनिटं बोलू शकतो, आणि ते बिल कपाटात पडून राहत नाही, त्यावर मतदान होतंच. सरकार लहान करायचं म्हणून निवडून आलेला माणूस तिथं काय करतो तर एकेक नियम उचलतो आणि विचारतो हा कशासाठी आहे, कोणाच्या भल्याचा आहे, काढला तर काय होईल. मोठ्या माणसांना सीट बेल्टची सक्ती नसलेलं हे एकमेव राज्य आहे (मला स्वतःला ते अजिबात पटत नाही). गाड्यांची दरवर्षीची तपासणी बंद करायचं 2025 च्या बजेटसोबत ठरलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. व्याज आणि डिव्हिडंडवरचा टॅक्स 2025 पासून गेला. पगारावर राज्याचा टॅक्स नाही, सेल्स टॅक्स नाही.

आता नागपुरात या. सकाळी कोणत्याही आमदाराच्या जनसंपर्क कार्यालयात जाऊन बसा. एकाला मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी हॉस्पिटलात, बेड पाहिजे, एकीला रेशन कार्डात सुनेचं नाव चढवायचंय, कोणाची गडर लाईन चोक झाली, कोणाच्या लेआउटमध्ये रोड नाही. त्यात महापालिकेची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली आणि निवडणूक झाली थेट 2026 च्या जानेवारीत, मधली जवळपास चार वर्षं प्रशासक, नगरसेवकच नाही, मग चेंबरचं झाकण फुटलं तरी माणूस आमदाराकडेच जाणार ना. माझा मावसभाऊ म्हणतो, "दादा, आमचा आमदार फोन तं उचलते, माणूस लावून काम करून देते, तुमच्या तिकडचे बिलंच वाचत बसतेत." त्याचं म्हणणं मी हलकं घेत नाही. ज्याच्या घरी पेशंट आहे त्याला कायदा नको असतो, बेड हवा असतो.

पण बाबा गेल्यावर एका कागदावर आईचं नाव लावायचं होतं. एका ऑफिसात अर्ज दिला, महिने गेले, साहेब मीटिंगमध्ये, साहेब दौऱ्यावर, आज सर्व्हर डाऊन. आई गुडघे धरून जिने चढायची आणि मी इथून रात्री जागून फोन करायचो. शेवटी ओळखीतून आमदारांकडून एक फोन गेला आणि एका दुपारी काम झालं. आईने त्यांना मनापासून आशीर्वाद दिले. मला मात्र राग आला, आणि तो आमदारांवर नव्हता. जे काम एका दुपारी होत होतं ते महिनोन्महिने का थांबलं, आणि आईच्या मागे लाइनीत जी बाई बसली होती, जिच्या ओळखीत कोणीच नाही, तिचं काय झालं असेल?

म्हणून मला वाटतं सरकार लहान करा म्हणजे आमदार कमी करा किंवा त्यांचा पगार कापा असं नाही, तर आईच्या आणि तिच्या कागदाच्या मधल्या सह्या कमी करा. शंभर लोकांसाठी शंभर फोन करणाऱ्या आमदारापेक्षा, त्या शंभरांना फोनच करायला लागू नये म्हणून एक सही रद्द करून घेणारा आमदार मला जास्त कामाचा वाटतो. आणि हे आपल्याकडे झालेलं आहे. 2015 मध्ये राज्य सरकारने बहुतेक दाखल्यांसाठीचं स्टॅम्प पेपरवरचं प्रतिज्ञापत्र काढून टाकलं, साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र चालेल म्हणून सांगितलं. किती गरीब माणसांचे पैसे आणि खेटे वाचले असतील! त्याचा फलक कुठं लागला नाही.

नागपुरात तर याहून मोठी संधी होती आणि अजून आहे. एनआयटी म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास, 1936 च्या कायद्याची. शहर एक आणि मालक दोन, एनआयटी आणि महापालिका. 572 आणि 1900 म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, मंजुरीशिवाय पडलेल्या लेआउटवाल्यांना विचारा, गुंठेवारीतला प्लॉट, तो नियमित झाल्याच्या पत्रासाठी (आरएल लेटर) एका खिडकीवर, रोड आणि गडरसाठी दुसऱ्या, आणि दोघंही एकमेकांकडे बोट दाखवणार. 2016 ला बरखास्तीला मंजुरी मिळाली, सगळ्या पेपरांत आलं, लोकांनी पेढे वाटले. मग सरकार बदललं आणि निर्णय फिरला. सगळ्या पक्षांच्या आमदारांनी यावर एकदा स्पष्ट बोलावं असं मला कळकळीने वाटतं, ठेवायची तर का ठेवायची आणि काढायची तर तिथली माणसं, फायली, जमिनी कोणाकडे जाणार.

कारण हा शेवटचा प्रश्न विचारला नाही तर काय होतं ते मी इथं भोगतोय. राज्याने पगारावर आणि विक्रीवर टॅक्स घेतला नाही म्हणून शाळांचा बोजा गावागावांच्या प्रॉपर्टी टॅक्सवर पडला, आणि तो टॅक्स देशातल्या सगळ्यात जास्त टॅक्सांपैकी आहे. महागड्या घरांच्या गावाला कमी दरात पुरतं, गरीब गावाला जास्त दर लावूनही पुरत नाही. क्लेअरमाँट नावाच्या छोट्या गावाने आणि आणखी काही गावांनी राज्यावर केस केली, 1993 आणि 1997 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिले, आणि ते भांडण आजही पूर्ण मिटलेलं नाही. आपल्याकडे जकात गेली, 2013 ला एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, 2015 ला तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी गेला, इतवारीत फटाके फुटले, आणि महापालिका अनुदानासाठी मुंबईकडे बघत बसली. खड्डा आपल्या गल्लीत आणि पैसा मंत्रालयात.

ग्रुपवर कोणीतरी म्हणेल की आपला आमदार एकटा काय करणार, व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, असतो. ते बरोबर आहे, 1985 च्या पक्षांतरबंदीनंतर व्हिप मोडून मत दिलं तर आमदारकी जाऊ शकते आणि मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेलं अशासकीय विधेयक पास होणं तर दुर्मिळच. पण सभागृहात मंत्र्यांना विचारायच्या तारांकित प्रश्नाला, लक्षवेधी सूचनेला कोणता व्हिप आडवा येतो? 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आपल्याकडे आहे, दाखल्याला किती दिवस लागायला हवेत ते ठरलेलं आहे, उशीर केला तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड आहे, दोन अपिलं त्याच खात्यात आणि तिसरं सेवा हक्क आयोगाकडे. आईने अर्ज केला तेव्हा हे तिला कोणी सांगितलं नाही.

तर यंदा खर्चावरचे फॉरवर्ड थांबवून एक काम करूया का. आपल्यातले लोक शहराच्या सहाही मतदारसंघांत राहतात. प्रत्येकाने आपल्या आमदारांना एकच प्रश्न लेखी द्यायचा, की नागपूर शहरात या कायद्याखालचे किती अर्ज मुदत उलटून पडलेत, कोणत्या खात्यात, आणि आजवर किती अधिकाऱ्यांकडून दंड वसूल झाला. प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते. मसुदा मी आज रात्री लिहून टाकतो, मराठी शाळेसारखं शुद्ध कोणीतरी करून घ्या, आणि प्रताप नगरवाल्यांनो, तुमच्याकडचं पत्र नेऊन द्यायची जबाबदारी कोण घेतंय ते सांगा.