पैठणी, पायपुसणं आणि माझं फडताळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार 'जुना सुतार',

जुन्या बाजारातून आणलेलं फडताळ मी घासून चॉक पेंटने, म्हणजे खडूसारख्या बिनचमक रंगाने, कसं रंगवलं, यावर लेख लिहिला होता. त्याखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. एकदा सकाळी चहाबरोबर, एकदा दुपारी जेवण झाल्यावर आणि एकदा रात्री साडेअकराला, झोप येईना म्हणून. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी देते :

"ताई, सागवानाला रंग फासणं म्हणजे पैठणीचं पायपुसणं करणं. हौशी लोकांनी आधी लाकूड ओळखायला शिकावं, मग ब्रश हातात घ्यावा. जुना हिरवा ऑइल पेंट घरातच कोरडा घासलात, त्यात शिसं असू शकतं, लेखात मास्कचा उल्लेखही नाही. भुंग्याची भोकं लांबीने [पुट्टीने] बुजवून भुंगा मरत नाही. आणि प्राइमर कुठे आहे?"

आधी जे चुकलं ते कबूल करून टाकते, म्हणजे मला कोणी आडमुठी म्हणायला नको. बिजागऱ्या पितळेच्या होत्या आणि त्यांच्यावर रंग गेला आहे. तिसऱ्या फोटोत स्पष्ट दिसतं. चिकटपट्टी लावायला हवी होती, कंटाळा केला. तुम्ही हे लिहिलं नाहीत, पण मीच सांगते. झालं.

आता तुमचं दुसरं वाक्य. 'हौशी' हा शब्द शिवीसारखा कधीपासून वापरायला लागलो आपण? राज्य नाट्य स्पर्धेत हौशी विभाग असतो, तिथे दिवसभर नोकरी करून संध्याकाळी तालमीला जाणारी माणसं उभी राहतात, आणि आपण त्यांना टाळ्या वाजवतो. हौसेला मोल नाही असं म्हणतो. पण एका बाईने निवृत्तीनंतर हातात काचपेपर घेतला की ती 'हौशी', म्हणजे बिनडोक. आणि पहिल्याच शब्दात 'ताई'! ताई म्हटलं की पुढच्या वाक्यात कान धरायचा परवाना मिळतो असा तुमचा समज दिसतो. मला सख्खा धाकटा भाऊ आहे. तोसुद्धा असं बोलत नाही, आणि बोलला तर पुढच्या दिवाळीला त्याला चकली मिळणार नाही.

"लाकूड ओळखायला शिकावं." हे वाक्य मला जिव्हारी लागलं, ते का, हे सांगायलाच हवं.

माझे वडील वनखात्यात होते. माझी पहिली नऊ वर्षं बल्लारशात गेली, लाकडाच्या डेपोला लागून असलेल्या क्वार्टरमध्ये. सागाच्या ओंडक्यांच्या थप्प्या म्हणजे आमचं अंगण. ओंडक्याच्या तोंडावर खात्याच्या हातोड्याचा ठसा असायचा, तो आम्ही कोळशाने कागदावर उतरवून घ्यायचो. ताज्या कापलेल्या सागाला चामड्यासारखा वास येतो, तो मला आजही डोळे मिटून सांगता येईल. पावसाळ्यात सागाची कोवळी पानं तळहातावर चोळायची, की हात लालभडक. आई ओरडायची, कारण तो रंग फ्रॉकला लागला की जात नसे. लिलावाच्या दिवशी लांबलांबचे व्यापारी यायचे, ओंडक्याला नखाने खरवडून, वास घेऊन, हाताने थोपटून भाव लावायचे. वडिलांच्या मागे उभी राहून मी हे पाहिलेलं आहे. तुम्ही जुने सुतार असाल, मी जुनी डेपोतली मुलगी आहे. सागवान मला शिकवू नका.

आणि खरंच लाकूड ओळखायचं असेल, तर या फडताळाचं ओळखूया. तुम्ही फोटो पाहून 'सागवान' म्हणून मोकळे झालात. मी ते पुण्याच्या जुन्या बाजारातून, एका बुधवारी, बावीसशे रुपयांना घेतलं. टेम्पोचे सहाशे वेगळे. चौकट सागाची, बरोबर. दारांच्या मधल्या फळ्या प्लायच्या, कोणीतरी नंतर बसवलेल्या. पाठीमागे खोक्याचं लाकूड, त्यावर अजून कोणत्या तरी गोदामाचा नंबर दिसतो. खालचा एक पाय बाभळीचा वाटतो, निदान सागाचा तरी नाही. आणि जी चौकट सागाची, तीही सगळी गाभ्याची, म्हणजे खोडाच्या मधल्या लाकडाची, नाही. उजव्या खांबाची अर्धी रुंदी कडेच्या पिवळट पांढऱ्या लाकडाची आहे. सुतार असाल तर तुम्हाला ठाऊक असेल की भुंगा गाभ्याला सहसा तोंड लावत नाही, त्याला हे कडेचं लाकूड आवडतं, त्यात खायला असतं. भोकं नेमकी त्याच पट्टीत आहेत. म्हणजे तुमच्या चौथ्या वाक्यातला भुंगाच तुमच्या पहिल्या वाक्याविरुद्ध साक्ष देतोय.

असल्या चौघांच्या संसारातून आलेल्या फडताळाला लाखेचं पॉलिश केलं असतं तर काय दिसलं असतं? लाल-तपकिरी साग, शेजारी फिकट पट्टी, मध्ये प्लायचे लाटालाटांचे डाग आणि खाली काळपट पाय. पॉलिश लाकूड झाकत नाही, दाखवतं. जिथे दाखवण्यासारखं आहे तिथे मी पॉलिशच केलं आहे. आमचा शिसवी पाटांचा जोड आणि सासूबाईंची फणेरपेटी यांच्यावर मी कधी रंगाचा थेंब पडू दिला नाही. चपडा, म्हणजे शुद्ध केलेली लाख, स्पिरिटमध्ये भिजवून, कापसाच्या बोळ्यावर सुती फडकं गुंडाळून, हाताला गोळे येईपर्यंत घासलंय. त्यावर मागच्या वर्षी लेखही आहे. तो तुम्ही वाचला नसणार. त्यावर टीका करण्यासारखं काही नव्हतं ना!

पैठणीचं म्हणाल तर, पायपुसणं निदान घरात तरी राहतं. माझ्या आजीची पैठणी चिरली, तेव्हा ती पेटीत जपली नाही कोणी. जरीचे धागे काढून घेणाऱ्याला दिली. त्याने ती जाळली, चांदी वेगळी केली, तोलून पैसे दिले आणि त्या पैशांत पितळी डबे आले. त्या वेळी कोणाच्या भावना दुखावल्या नाहीत. हे फडताळ मी आणलं नसतं तर ते कुठे गेलं असतं, याची कल्पना जुन्या बाजारात उभं राहून घ्या. माझ्या शेजारी एक गृहस्थ त्याच दुकानदाराशी जळणाच्या भावाने घासाघीस करत होते. पैठणीचा इतका कळवळा आहे तर तुम्ही यायचं होतंत बुधवारी. रविवारीही भरतो तो बाजार.

आणि सागवानाला रंग लावणं हे काही मी परदेशी व्हिडिओ बघून आणलेलं खूळ नाही. गुजरातेतल्या संखेड्याचे झोपाळे पाहिलेत? सागवान खरादावर (लेथवर) कातून वर लाल, सोनेरी, तपकिरी रंग आणि लाख. माझ्या मुलुंडच्या मावशीकडे तसा झोपाळा होता, येणारा प्रत्येक जण आधी त्यावर हात फिरवायचा. त्याला पायपुसणं म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडाला रंग देणं हीच कला. (तिथली खेळणी पांगाऱ्याची, सागाची नव्हेत, हे तुम्ही लिहायच्या आत मीच लिहून टाकते.) चॉक पेंट हे नाव विलायती, १९९० मध्ये ॲनी स्लोन या बाईंनी बाजारात आणलेलं, हे खरं. पण मी तो डबा घेतलेला नाही, तो परवडत नाही. साध्या इमल्शनमध्ये प्लास्टर ऑफ पॅरिस कालवून घरी केलाय. त्याला खडूचा रंग म्हणा, चालेल मला.

राहिलेल्या गोष्टी थोडक्यात, कारण तुम्हीही थोडक्यातच आटपल्यात.

प्राइमर : लेखाचा पाचवा परिच्छेद. चपड्याचे दोन हात दिले, असं लिहिलं आहे. सागाचं तेल वर येऊन फिकट रंगावर पिवळे डाग उठतात, ते चपडा अडवतो. चपड्यातलं मेण खाली बसू दिलं, वरचं निवळ घेतलं, म्हणजे पुढचा रंग धरतो. हे काम प्राइमरचंच. डब्यावर 'प्राइमर' छापलेलं नव्हतं म्हणून तुम्हाला दिसलं नसेल.

भुंगा : फडताळाखाली काळा कार्डपेपर पंधरा दिवस ठेवला होता. ताजी भुकटी पडली नाही, म्हणजे आत कोणी कुरतडत नव्हतं. तरी सिरिंजने प्रत्येक भोकात औषध सोडलं, मगच लांबी भरली. लेख लांबत होता म्हणून हे गाळलं. गाळलं म्हणजे केलं नाही, असं नव्हे.

शिसं : आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर शिसं चालत नाही. हे फडताळ त्याच्या कितीतरी आधीचं आहे आणि हिरव्याखाली पिवळा, पिवळ्याखाली चॉकलेटी असे तीन थर होते, हे मला कळतं, तुम्ही सांगायची गरज नाही. 'घरातच' हा मात्र तुमच्या मनाचा शब्द. मी गच्चीवर घासलं. शेवटचा हात तेवढा पॅसेजमध्ये मारला, कारण पाऊस आला, आणि पावसाला मी बोलावलं नव्हतं. मास्क लावला होता की नव्हता, तो माझ्या नाकाचा प्रश्न आहे.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, हे लक्षात घ्या. अनेक जण काढतात. फक्त पुढच्या वेळी लिहाल तेव्हा आपलं नाव लिहा. 'जुना सुतार' असं कोणीही म्हणवून घेऊ शकतं, मीही उद्यापासून 'नवी सुतारीण' होईन.

आणि हो, मूळ लेखात आज चार ओळी वाढवल्या आहेत : जुना ऑइल पेंट कोरडा घासू नये. पाणी लावून वॉटर पेपरने घासावा किंवा रिमूव्हरने काढावा. चांगला मास्क घालावा, लहान मुलांना लांब ठेवावं. पडलेली धूळ झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी आणि ते फडकं फेकून द्यावं.

या ओळी तुमच्यामुळे घातलेल्या नाहीत. रविवारी सून आली होती, तिने तुमची प्रतिक्रिया माझ्या आधीच वाचली होती. ती काही बोलली नाही. नातवाला कडेवरून खाली उतरवताना आधी पॅसेजकडे बघितलं आणि मग त्याला घेऊन आतल्या खोलीत गेली. तो दहा महिन्यांचा आहे, रांगतो, हाताला लागेल ते तोंडात घालतो. पॅसेज मी त्याच दुपारी दोनदा ओल्या फडक्याने पुसला, कोपऱ्यांसकट.