त्सुमागोतल्या गाइडबाई आणि वाईचा वाडा

गेल्या नोव्हेंबरात आई नागोयाला आली होती, तेव्हा तिला घेऊन मी त्सुमागो या डोंगरातल्या जुन्या गावी गेले. शिनानो गाडीने नागिसो स्टेशन, पुढे दहा मिनिटांची बस. तीन तासांसाठी गावातल्याच एक गाइडबाई ठरवल्या होत्या, त्यांचे अठरा हजार येन झाले. रात्री मी घरच्या ग्रुपवर चार फोटो टाकले, आणि आईने कौतुकाने बाईंची फीसुद्धा सांगून टाकली. सकाळी उठून बघते तर दादाचा, म्हणजे माझ्या चुलतभावाचा, मेसेज: "जुनी घरं बघायला दहा हजार रुपये? तुला तर जपानी येतं ना? इकडे ये, मेणवलीचा घाट फुकट दाखवतो." खाली सगळ्यांचे हसरे चेहरे.

मी एवढंच लिहिलं की त्या गावाने पन्नास वर्षांपूर्वी एकत्र बसून आपली घरं वाचवली, ते ऐकण्याचे पैसे होते. त्यावर दादाचं उत्तर आलं: "नागोयात बसून वाडा जपा म्हणायला काय जातंय?"

वाडा जपा असं मी कुठेच म्हटलं नव्हतं. दादाने ते माझ्या तोंडी घातलं, आणि तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. भांडी घासताना मी त्याला उत्तरं देत असते. त्यातली काही इथे लिहिते.

आधी पैशांचं. याच दादाने मुलीच्या लग्नाआधी मेणवलीच्याच घाटावर प्री-वेडिंग शूट केलं, तेव्हा नुसत्या ड्रोनवाल्याला पंचवीस हजार दिले. त्याबद्दल ग्रुपवर कोणी हसलं नाही. घाटाचा फोटो काढायला पैसे द्यायचे, पण घाट कोणी बांधला, कोणत्या पायरीपर्यंत कृष्णेचं पाणी चढायचं, हे सांगणाऱ्याला द्यायचे नाहीत. मी लहान असताना त्या घाटावर एक आजोबा असायचे. वसईच्या मोहिमेतून आलेली ती मोठी पोर्तुगीज घंटा ते हाताने थोपटून दाखवायचे आणि चिमाजी अप्पांची गोष्ट सांगायचे. माझे वडील त्यांच्या हातावर दोन रुपये ठेवायचे आणि घरी येताना म्हणायचे, "निम्मं पदरचं सांगतो." असेल पदरचं. पण आज ती घंटा मला आठवते ती त्यांच्या हातासकट. त्यांच्यामागे ते काम कोणी केलं नाही, आणि दोन रुपयांत कोण करणार होतं?

इथे हे काम पोटापाण्याचं आणि मानाचं समजतात. परदेशी भाषेत पैसे घेऊन गाइडचं काम करायचं तर 1949 च्या कायद्याप्रमाणे सरकारी परीक्षा द्यावी लागायची, आणि ती अवघड असायची. ती सक्ती 2018 मध्ये उठली. आमच्या बाई जपानीतच बोलत होत्या, आईसाठी मराठी मी करत होते. वय सदुसष्ट, पायात रबरी बूट, पाठीवरच्या सॅकला अस्वलं दूर राहावीत म्हणून घंटी.

दादा विचारतो, जपानी येत असताना गाइड कशाला. त्याचं उत्तर तिथल्या रस्त्याच्या वळणावर आहे. त्सुमागोत शिरताना रस्ता एकाएकी काटकोनात वळतो आणि लगेच पुन्हा वळतो. मी याआधी दोनदा तिथून चालले होते, पाटीही वाचली होती. बाईंनी आम्हाला वळणाच्या अलीकडे उभं केलं आणि विचारलं, "पुढचं घर दिसतंय का?" दिसत नव्हतं. घोड्यावरून चालून येणाऱ्याला गाव सरळ दिसू नये, त्याला लगाम खेचावा लागावा म्हणून ते वळण. मी हे मराठीत सांगत होते तोवर आईच म्हणाली, "म्हणजे गोमुखी दरवाजा. रायगडाचा असतो तसा." मी ते बाईंना सांगितलं, तर त्यांनी पिशवीतून वही काढली आणि ते लिहून घेतलं. पाटी माझ्या आईचं कधी लिहून घेणार होती?

एदोहून, म्हणजे आजच्या तोक्योहून, क्योतोला डोंगरातून जाणाऱ्या नाकासेन्दो या जुन्या रस्त्यावर एकोणसत्तर मुक्काम होते, त्यातला त्सुमागो बेचाळिसावा. 1909 मध्ये रेल्वे आली ती नदीकाठाने. गाव बाजूला पडलं, माणसं निघून गेली, घरं वाकली. नवं बांधायला कोणाकडे पैसा नव्हता, म्हणून जुनं राहिलं. बाईंनी हे लपवलं नाही. "आम्ही गरीब होतो म्हणून वाचलो," असंच म्हणाल्या. मग 1968 साली, मेईजी बादशहांची राजवट सुरू होऊन शंभर वर्षं झाली तेव्हा, प्रांताच्या मदतीने दुरुस्तीचं काम सुरू झालं, आणि 1971 मध्ये गावकऱ्यांनी नियम केला: विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. जुन्या वस्त्या वस्ती म्हणून जपण्याची तरतूद देशाच्या कायद्यात आली ती त्यानंतर, 1975 मध्ये. पुढच्याच वर्षी त्या कायद्याखाली निवडलेल्या पहिल्या गावांमध्ये त्सुमागो होतं. आज अशा वस्त्या सव्वाशेहून अधिक आहेत.

म्हणजे आधी गाव आणि मागून सरकार. आपल्याकडे मी उलटं ऐकत आले. 2025 च्या जुलैत आपले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्या रात्री ग्रुपवर भगव्या झेंड्यांचा पाऊस पडला. मलाही भरून आलं, मी ऑफिसात तीन जणांना रायगडाचा फोटो दाखवला. आठवड्याभराने त्याच ग्रुपवर सुरू झालं, की आता पन्हाळ्यावर राहणाऱ्यांनी काय करायचं, सरकार घराला खिळा ठोकू देणार का. प्रश्न खरा आहे, पन्हाळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहतात. पण तो विचारताना कोणी असं म्हणालं नाही, की चला, आपणच बसू आणि ठरवू.

इथे दादा म्हणेल, जपानचं कौतुक पुरे. तर हेही सांगते. 2023 च्या पाहणीत या देशात नव्वद लाख घरं रिकामी निघाली. क्योतोतली जुनी लाकडी घरं दरवर्षी पडतात आणि तिथे हॉटेलं उभी राहतात. आमच्या नागोयाच्या किल्ल्याचा मुख्य बुरूज मे 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. 1959 मध्ये बांधला तो काँक्रीटचा, आणि आता तो पुन्हा लाकडात बांधायचा तर लिफ्ट ठेवायची की नाही यावर वर्षानुवर्षं वाद अडलाय. लिफ्ट घातली तर अस्सल राहणार नाही असं एका बाजूचं म्हणणं, आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसाने काय खालूनच बघायचं, असं दुसऱ्या बाजूचं. 2018 पासून तो बुरूज बंदच आहे. इथले लोक शहाणे आणि आपले नाहीत, असं मला म्हणायचंच नाही. एका गावाने हे केलं, आणि ज्यांनी केलं त्यांची मुलगी मला ते सांगत होती, एवढंच म्हणायचंय.

ओकुया नावाच्या मोठ्या घरात आम्ही सगळ्यात जास्त वेळ बसलो. एदोच्या काळात, म्हणजे मेईजीच्या आधी, इथल्या किसो खोऱ्याच्या जंगलातली पाच जातींची झाडं तोडायला बंदी होती. त्यातलं एक हिनोकी, म्हणजे जपानी सायप्रस. हिनोकी एक तोडलं तर मुंडकं एक, असं तिथे म्हणतात. जंगल ओवारीच्या सरदारांचं, म्हणजे नागोयाचं. हिनोकीच्या जंगलात राहून हिनोकीचा खांब घरात लावता येत नव्हता. राजवट बदलली, बंदी उठली, आणि 1877 मध्ये या घराच्या मालकाने नवं घर बांधलं ते हिनोकीचंच. बाई खांबावर तळवा ठेवून हे सांगत होत्या. मधल्या खोलीत जमिनीतल्या चुलीवर किटली टांगलेली. धूर वर जातो, लाकडाला कीड लागत नाही, म्हणून तिथे आजही विस्तव पेटवतात. जाळीच्या खिडकीतून उन्हाच्या तिरप्या पट्ट्या धुरावर पडल्या होत्या. खालची लाकडी जमीन पुसून पुसून काळी आणि गुळगुळीत झालेली, खिडकी तिच्यात दिसत होती.

लोक या उन्हाचे फोटो काढतात. आई वर, आढ्याकडे बघत होती. "काजळी कोण काढतं? आणि रोज पुसतं कोण?" तिने विचारलं. मी विचारलं. बाई हसल्या आणि त्यांनी आपले दोन्ही हात उलटे करून आईला दाखवले. मग म्हणाल्या, "माझ्या आईला तो नियम नको होता. वडील सभांना जायचे, मी तेरा वर्षांची होते. आई घरी रडायची. तिला नवं स्वयंपाकघर हवं होतं."

आईने ते ऐकलं आणि बाईंचा हात धरला. तिला पुढचं भाषांतर लागलंच नसतं. वाईतल्या आमच्या वाड्याचा जिना इतका उभा होता, की माझ्या वेळी आठव्या महिन्यात ती त्यावरून घसरली होती. हौदाचं पाणी माजघरात तिनेच आणायचं. पावसाळ्यात रात्री शौचाला जायचं तर चौक ओलांडून, कंदील घेऊन. आज त्याच जागेवर पाच मजली इमारत आहे, आई तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट आहे, संडास घरात आहे. "मला विचारशील तर सुटले," असं ती मला मागे फोनवर म्हणाली होती. वाड्यांच्या नावाने हळहळणाऱ्या आमच्यासारख्यांना हे ऐकायचं नसतं. पण त्सुमागोत घरं बाहेरून जपली आणि आत माणसांना राहता येईल असे बदल करू दिले. शेवटी बाईंच्या आईचं स्वयंपाकघर झालं. विजेचे खांबसुद्धा घरांच्या मागे नेले. दोन्ही करता येतं. आपण दोन्हीचा विचारच केला नाही, याचा मला राग येतो.

आपण म्हणजे कोण, इथे मी अडते.

वडील गेल्यावर वर्षभरात भावाचा फोन आला, की बिल्डर तयार आहे, तुझी सही लागेल. मी पंधरा दिवसांच्या सुट्टीवर गेले होते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बाकावर दोन तास बसले, अंगठ्याचा ठसा दिला, फोटो काढला, हक्कसोडपत्र झालं. बहिणीने सोडायचा असतो, सगळ्याच सोडतात, आणि मला खरंच काही नको होतं. भावाने साडी घेतली. वाड्याचं काय करणार, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर माझी सही अडली असती, अडली असती तर चार माणसं बसली असती, बसली असती तर कदाचित निदान देवडी आणि चौकाची पुढची बाजू राहिली असती. कदाचित काहीच राहिलं नसतं. पण विचारायचा हक्क माझ्या हातात होता आणि तो मी परतीचं विमान गाठायच्या घाईत सोडला. सागवानी खांब कोणत्या तरी हॉटेलवाल्याने नेले असं नंतर कळलं. कोणत्या, तेही मी विचारलेलं नाही.

म्हणून दादाचं वाक्य जात नाही. तो म्हणतो, नागोयात बसून जपा म्हणायला काय जातंय. माझं नागोयात बसून पाडायलाही काही गेलं नव्हतं.

शेवटी बाई आम्हाला तेराशिताच्या गल्लीत आपल्या घरी घेऊन गेल्या. छपरावर दगड मांडलेले, दाराशी पर्सिमनं सोलून दोरीला वाळत घातलेली. आई कट्ट्यावर अशी टेकली जशी वाड्याच्या ओट्यावर टेकायची, एक पाय खाली सोडून. बाईंनी चहा दिला, सोबत अक्रोडाचं मिसो लावलेले गोहेइमोची. त्यांचा मुलगा नागोयात नोकरीला, दोन नातवंडं तिकडेच, कोणी परत येणार नाही. घर विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही. "माझ्यानंतर कोण पुसणार, माहीत नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या मुलाच्या जागी मी स्वतःला बघत होते, आणि पुढचा प्रश्न येणार हे मला कळलं होतं.

"आणि तुमचं घर?" त्यांनी आईकडे बघून विचारलं. "अजून आहे का?"

मी आईला मराठीत विचारलं. आई म्हणाली, "नाही बाई. पाडलं. पोरांनी मिळून ठरवलं."

मी बाईंकडे वळले आणि म्हणाले, "हाइ." म्हणजे हो. आहे, जुनंच आहे, लाकडी आहे. बाईंचा चेहरा इतका खुलला, की मी पुढे चौकाचंही सांगितलं, तुळशीचंही. त्यांनी आईपुढे वाकून म्हटलं, "जपा हं." तेवढं मात्र मी आईला जसंच्या तसं सांगितलं.

परतीच्या गाडीत नाकात्सुगावा येईपर्यंत आई खिडकीबाहेर बघत गप्प होती. आईचं माहेर माणदेशातलं, मनातलं बोलताना तिची भाषा अजून तिकडे वळते. "तू तिला हाय म्हणालीस," ती म्हणाली. "मी ऐकलं. कुठं हाय गं आता वाडा?"