औषधांचा डबा

दर दोन महिन्यांनी मी औषधांचा डबा आवरते आणि दर दोन महिन्यांनी तो पुन्हा तसाच गच्च! डबा केवढा, तर बिस्किटांचा जुना पत्र्याचा. एवढीशी जागा नीट राहू नये?

काल रात्री अकराला सासूबाई तापाने फणफणल्या. डबा उघडला तर हाताला लागला कात्रीने कापलेल्या स्ट्रिपचा तुकडा. दोन गोळ्या, मागे चंदेरी कागदावर ‘...मॉल ६५०’ एवढीच अक्षरं. एक्स्पायरी? ती दुसऱ्या तुकड्यावर, म्हणजे दुकानातच राहिली. अशा बेवारस गोळ्या मी म्हाताऱ्या माणसाला कशा देऊ? शेवटी नवऱ्याला चप्पल घालून मेडिकलमध्ये पिटाळलं.

आणि ते डोळ्यांचे थेंब! बाटली उघडली की साधारण महिन्याभरात टाकायची असते, खोक्यावरची तारीख न उघडलेल्या बाटलीची असते, हे किती वेळा सांगायचं? पाणी घालून केलेलं अँटिबायोटिक सिरप तर जेमतेम आठवडा-दोन आठवडे टिकतं. आमच्याकडे ते गेल्या पावसाळ्यापासून झाकणाला चिकटून बसलंय. टाकायला काढलं की ठरलेलं वाक्य, ‘असू दे गं, लागेल कधीतरी.’ अरे, डॉक्टरांनी पाच दिवसांचा कोर्स दिला तर तो पुरा करायचा ना! उरतंच कसं?

आता डब्यात मार्कर ठेवलाय. बाटली उघडणाऱ्याने तारीख लिहायची आणि स्ट्रिप तारखेसकटच आणायची. नाहीतर मी सरळ फेकून देणार, कोणाला विचारणार नाही.