चालू इंजिनात टेन्शनर फिरवू नका

"टायमिंग चेनचा आवाज? पाच मिनिटांत घरीच बंद करा" असा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय. (टायमिंग चेन म्हणजे इंजिनाचा मुख्य शाफ्ट, क्रँक, आणि व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट, कॅम, यांना जोडणारी आतली साखळी.) काल तो माझ्या आत्येभावाने मला पाठवला. त्याच्याकडे जुनी 149 सीसीची होंडा युनिकॉर्न आहे, सकाळी स्टार्ट केली की थोडा वेळ खळखळते. खाली विचारलंय, "दादा, रविवारी करून टाकू का?" नाही, अजिबात करू नकोस. आणि ज्यांनी न वाचता हे पुढे ढकललंय, त्यांनीही जरा थांबा.

मेसेजचं म्हणणं असं: इंजिनात टकटक म्हणजे टायमिंग चेनच. सिलिंडरच्या मागे टेन्शनरचा, म्हणजे ही चेन ताणून धरणाऱ्या भागाचा, बोल्ट असतो तो काढा, गाडी चालू ठेवून आतला स्क्रू घड्याळाच्या दिशेने आवळा. नाहीच गेला आवाज तर टेन्शनर काढून वॉशर टाका, 20डब्ल्यू50 हे जाड ऑइल भरा, टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप ठरवणारे स्क्रू) घट्ट करा.

आधी तो स्क्रू, कारण इंजिनाचं वाटोळं तिथेच होतं. या गाडीचा टेन्शनर आपोआप चालतो. आत आट्यांचा शाफ्ट आणि पीळ दिलेली स्प्रिंग असते. स्प्रिंग शाफ्ट फिरवते, शाफ्ट दांडा पुढे ढकलतो, दांडा पट्टीला रेटतो आणि पट्टी चेनला. चेन झिजून लांबली की दांडा तेवढाच पुढे सरकतो. आट्यांच्या उतारामुळे चेनने उलटा दाब दिला तरी तो मागे येत नाही. बाहेरचा बोल्ट नुसता ऑइल अडवायला आहे. हाताने आवळण्यासारखं तिथे काही नाहीच.

आणि मेसेजमधला 'आतला स्क्रू' म्हणजे या शाफ्टचंच टोक. ते घड्याळाच्या दिशेने फिरवलं की दांडा आत जातो, म्हणजे चेन सैल पडते! होंडाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये टेन्शनर काढायची कृती स्पष्ट दिली आहे: सीलिंग बोल्ट आणि ओ-रिंग काढा, शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरवून दांडा पूर्ण आत घ्या, स्टॉपरने तिथेच अडकवा, मग दोन माउंटिंग बोल्ट सोडा. कंपनी ज्या दिशेने दांडा मागे घ्यायला सांगते, त्याच दिशेने हा मेसेज चेन आवळायला सांगतोय, तेही इंजिन धावत असताना. सैल चेन स्प्रॉकेटवर, म्हणजे तिच्या दातेरी चाकावर, दात सोडू शकते. टायमिंग चुकलं की व्हॉल्व्ह उघडा असताना पिस्टन वर येतो, व्हॉल्व्ह वाकतो आणि हेड (सिलिंडरवरचा व्हॉल्व्हचा भाग) खोलावं लागतं.

मग काहींचा आवाज गेला कसा? गेला असेल, एवढं मान्य. चिकट्याने अडकलेला शाफ्ट फिरवून सोडला की कधी मोकळा होतो आणि स्प्रिंग दांडा पुन्हा पुढे नेते. आवाज गेला तो सोडल्यामुळे, आवळल्यामुळे नव्हे. एकदा अडकलेला शाफ्ट परत अडकू शकतो, म्हणून असा टेन्शनर बदलायचाच.

वॉशर टेन्शनरच्या बुडाशी टाकला तर टेन्शनर उलट मागे सरकतो आणि तिथून ऑइल गळतं. दांडा आत न घेता बोल्ट सोडले तर तो पूर्ण बाहेर येतो. तसाच दाबून बसवला की चेन नको तेवढी ताणली जाते आणि पट्टी खराब होते.

आता "टकटक म्हणजे चेनच" हे. टॅपेटचा आवाज हेडवरून येतो, बारीक आणि एकसारखा. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून 1400 आरपीएमच्या (मिनिटाला 1400 फेऱ्या) आयडलला एका व्हॉल्व्हची टिकटिक मिनिटाला 700 वेळा. चेनचा आवाज असा मोजून येत नाही. ती खळखळते, थंड स्टार्टला आणि ॲक्सिलरेटर सोडताना जास्त. पिस्टनची खटखट थंडीत असते, इंजिन तापलं की उतरते. खालून जड ठोके येत असतील आणि चढावर वाढत असतील तर कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) तपासा, तिथे चेनचा संबंध नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक आधी हेड कव्हरवर, मग टेन्शनरवर, मग क्रँककेसवर टेकवून मूठ कानाला लावा. आवाज सर्वांत जवळ कुठे येतो ते लगेच कळतं. चांगले मिस्त्री काही खोलण्याआधी हेच करतात.

ऑइलबद्दल अर्धी गोष्ट खरी आहे. लेव्हल कमी असेल तर इंजिन आवाज करतं, म्हणून डिपस्टिक आधी बघा. स्प्लेंडरसारख्या आडव्या सिलिंडरच्या इंजिनात टेन्शनरच्या दांड्यालाही ऑइल लागतं. युनिकॉर्नचा टेन्शनर मात्र स्प्रिंगवर चालतो, ऑइलच्या दाबावर नाही. जाड ऑइलने आवाज फक्त दबेल, आणि थंडीत ते हेडपर्यंत उशिरा पोचेल.

टॅपेट घट्ट करून गाडी गप्प होते, यात वाद नाही. पण मग व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, तापलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला देऊ शकत नाही आणि जळतो. टॅपेटचा गॅप थंड इंजिनातच, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून, मॅन्युअलमधल्या मापाने ठेवायचा. त्या मापावर थोडी टिकटिक राहिली तर ती राहू द्या.