पिवळी बाटली चढवून ताकद येत नाही

मे महिना लागला की जळगाव-भुसावळकडे दवाखान्यात एकच मागणी असते: "डॉक्टर, अंगमां ताकद नही, एक बाटली लाई द्या." मी याच भागात नर्स आहे आणि हे सगळं पाहून जीव तुटतो, म्हणून लिहितेय.

सलाईनच्या बाटलीतलं पाणी शिरेत गेलं म्हणजे रक्तातच राहतं असं नाही. 70 किलोच्या माणसाच्या अंगात साधारण 42 लिटर पाणी असतं. त्यातलं 28 लिटर पेशींच्या आत आणि 14 लिटर बाहेर. या 14 मध्ये रक्तातलं पाणी जेमतेम 3 ते 3.5 लिटर.

नॉर्मल सलाईनमध्ये लिटरमागे 9 ग्रॅम मीठ असतं. पेशी सोडियम आत टिकू देत नाहीत, त्यामुळे हे पाणी पेशींबाहेरच राहतं. पण बारीक रक्तवाहिन्यांतून ते झिरपतं आणि तासाभरात त्यातला पाव हिस्साच रक्तात उरतो. बाकीचं मांसात, कातडीखाली जातं. हृदय किंवा किडनी अधू असलेल्या म्हाताऱ्या माणसाला बाटल्यांवर बाटल्या दिल्या की पाय सुजतात, फुफ्फुसात पाणी होऊन धाप लागते, ते यामुळेच.

5 टक्के डेक्स्ट्रोजचं, म्हणजे साखरेच्या बाटलीचं वेगळंच. त्यातली साखर शरीर वापरून टाकतं, मागे राहतं निव्वळ पाणी, आणि ते पेशींसकट सगळीकडे पसरतं. 500 मिलीतलं रक्तात उरतं फार तर 40 मिली. बीपी पडलेल्या पेशंटला ते काय पुरणार? तिथे नॉर्मल सलाईन किंवा आरएल (रिंगर लॅक्टेट, हेही क्षारांचंच सलाईन) हवं. घामावाटे मीठ गेलेल्या माणसाला नुसतं डेक्स्ट्रोज देत राहिलं तर सोडियम आणखी उतरतं. लहान मुलांत तर मेंदूला सूज येऊन झटकेही येऊ शकतात.

आणि ती पिवळी बाटली! तो रंग मल्टिव्हिटॅमिनच्या इंजेक्शनचा. डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरात साखर 25 ग्रॅम, म्हणजे शंभरेक कॅलरी. कळण्याच्या एका भाकरीत याहून जास्त असतात. मजुरीचे पैसे त्यात घालवणाऱ्या बायाबापड्यांना हे कुणीतरी सांगायलाच हवं.

तोंडाने पिता येत असेल तर ओआरएस घ्या, एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावरच असंख्य जीव वाचवले.

उलट्या थांबत नसतील, लघवी बंद झाली असेल, माणूस ग्लानीत असेल तर मात्र घरी थांबू नका, सलाईन लागतंच. ऊन लागून कोणी बडबडायला लागलं तर आधी अंगावर पाणी ओता, वारा घाला, आणि तसंच गाडीत घालून दवाखान्यात आणा.