कोप शेडनेटची, आंबील विकतच्या ज्वारीची

येळवस, म्हणजे रानात साजरी होणारी वेळ अमावास्या, जवळ आली की व्हॉट्सअ‍ॅपवर 'वेळ अमावास्येची पौराणिक कथा' फिरायला लागते. चांगली लांबलचक, श्लोकांसकट. आमच्या लातूर-धाराशिवकडं ही कथा दोन वाक्यांत संपते. कोपीत, म्हणजे रानात उभारलेल्या छोट्या खोपटात, मांडलेले पाच दगड म्हणजे पाच पांडव, ते रानाची राखण करतात. त्यांच्यासोबत लक्ष्मी पुजायची आणि मग जेवायला बसायचं. झालं! पोथी नाही की भटजी नाही. घरातला कुणीही पूजा करतो.

मार्गशीर्ष अमावास्येला आमच्या शहरांत अघोषित संचारबंदी असते. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात, बाजारपेठ ओस पडते, अख्खं गाव रानात. सोलापूरचा काही भाग आणि पलीकडं बिदर-कलबुर्गीतही हेच. चर शिंपताना, म्हणजे रानात आंबील शिंपडत फिरताना, आपण 'ओलगे ओलगे सालम पोलगे' म्हणतो, तेही कानडी वळणाचंच. गावागणिक शब्द बदलतात, अर्थ कुणी विचारत नाही, आवाज मात्र खणखणीत लागतो.

माझं म्हणणं वेगळंच आहे. या सणाला धोका कथा विसरण्याचा नाही, ज्वारी विसरण्याचा आहे.

बघा ना, कोप कशाची? ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्यांची. वर शेंडे बांधायचे, तीन बाजू झाकायच्या, वरून शाल पांघरायची. आंबील कशाची? ज्वारीच्या पिठाची. आदल्या रात्री पीठ शिजवून ठेवायचं, सकाळी ताक, लसूण, जिरं, मीठ घालून बिंदगीत (लहान घागरीत) भरायचं आणि बिंदगी डोक्यावर घेऊन रानात जायचं. भज्जी तर रब्बीच्या रानाचा हजेरीपटच: हरभऱ्याचे सोलाणे, तुरीचे दाणे, वाल, मेथी, कांद्याची पात, गाजर, बोरं, वर चिंचेचं पाणी आणि बेसन. सोबत बाजरीचे उंडे, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे. ती भज्जी गरम खाणाऱ्यानं निम्मी मजा घालवली. दुपारपर्यंत ती मुरते आणि मग उंडा मोडून तिच्यात बुडवायचा.

आता सगळीकडं सोयाबीन. शेतकऱ्याला दोष देत नाही मी, ज्वारीची काढणी करायला माणूस मिळत नाही आणि भावही मिळत नाही. ट्रॅक्टर आला, बैल गेले, मग कडबा हवा कुणाला? म्हणून कोप शेडनेटची नाहीतर जुन्या साड्यांची. गेल्या येळवशीला एका रानात तर मंडपवाल्याकडून पंडाल आणला होता, पांडव बिचारे खुर्च्यांच्या मागं. जेवण केटररचं, द्रोण-पत्रावळी थर्माकोलच्या. बिसलेरीच्या बाटल्या दुसऱ्या दिवशीही हरभऱ्यात पडलेल्या.

संध्याकाळी गवताचा हेंडगा पेटवून रानाभोवती फिरवतात, पोरं त्यामागं ओरडत पळतात. त्याचं रील चांगलं निघतं म्हणून तेवढं टिकेल.

बाकी ज्यांचं रान नाही त्यांनाही या दिवशी पंगत मिळते, हे मला कुठल्याही कथेपेक्षा मोठं वाटतं. बांधावरून जाणारा अनोळखी माणूस असला तरी "अहो पाव्हणं, आंबील पिऊन जावा" अशी हाक येते आणि नाही म्हणणाऱ्याचं वाईट वाटतं. फार्महाऊसला गेट लावून येळवस करणाऱ्यांना हे कळावं म्हणून लिहितोय.

यंदा मामांना म्हणालो, बांधाकडंला चार तासं (ओळी) ज्वारी टाका, कोपीपुरती तरी. ते म्हणाले, "पाखरं कोण राखणार, तू?"