‘एअरगन हिसकावून घेतली’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

आमच्या शेतावर हुरडा खायला आणि मुक्कामाला आला होतात, त्याबद्दलचा तुमचा अभिप्राय काल रात्री मुलीने वाचून दाखवला. एक तारा दिलात. हुरडा दुपारी दीडलाच संपला, पहाटे सहापासून आरडाओरड्याने झोपमोड झाली, आणि ‘मालकिणीने मुलाच्या हातातून एअरगन हिसकावून घेतली, त्यांचे म्हातारे मात्र दिवसभर गोफणीने पाखरांना दगड मारत होते’ असं तुम्ही लिहिलंय.

हुरडा कमी पडला याची मनापासून माफी मागते. तुम्ही सहा जण सांगून नऊ जण आलात हे खरं, पण दारात आलेल्या माणसाचं पोट भरणं हे आमचं काम होतं. ज्वारीची कणसं त्याच दिवशी सकाळी कापून आगटीत, म्हणजे भाजायच्या विस्तवात, घालावी लागतात, शिळ्या कणसाचा दाणा चिवट लागतो, म्हणून आम्ही जास्तीची कापून ठेवत नाही. तरी चूक आमचीच.

झोपमोडीचंही कळतं. पण पाखरं उजाडल्यावर पहिले दोन तास आणि दिवस कलताना सगळ्यात जास्त उतरतात. त्या वेळी माळ्यावर, म्हणजे राखणीच्या मचाणावर, ओरडून हाकलणारा माणूस नसला तर दुपारी तुमच्या ताटात काय वाढायचं?

आता गोफणीचं. ते ‘म्हातारे’ म्हणजे माझे सासरे, आमचे अण्णा. वय ७४. या शिवारात पन्नासहून जास्त सुगी त्यांनी राखल्यात. त्यांच्या गोफणीत बहुतेक वेळा मातीचं ढेकूळ असतं. ते हवेतच फुटतं आणि पानांवर पावसासारखं सळसळत पडतं. गोफणीच्या टोकाला फटकी असते, ती सुटताना जो कडाका होतो त्याने पाखरं उठतात. नेम पाखरावर नसतो, थव्याच्या पलीकडे असतो. गोफणीने पाखरू कधीच लागत नाही असं मी म्हणणार नाही, लागतं कधीतरी, आणि त्या दिवशी अण्णा धड जेवत नाहीत. शिवाय खाली कणसं कापणाऱ्या बाया कुठल्या सरीत आहेत, हे हाक मारून विचारल्याशिवाय त्यांचा हात वर जात नाही. तुमच्या मुलाने नेम धरला तेव्हा त्या सरळ रेषेत, गोठ्यामागच्या वाफ्यात, चार बाया वाकलेल्या होत्या. तुम्हाला त्या दिसल्या नसतील. मला दिसल्या.

आणि हिसकावली नाही हो. मी दोन वेळा ‘बाळा, खाली ठेव’ म्हणाले. तिसऱ्या वेळी नळीला हात लावला, तेव्हा त्यानेच सोडली. बंदूक ऑफिसच्या कपाटात ठेवली आणि निघताना तुमच्या हातात दिली. पोराचा यात काही दोष नाही, तो वयाने लहान आहे. मला वाईट वाटलं ते तुम्ही हसत ‘मार, मार’ म्हणालात त्याचं.

‘दोन पारवे पडले असते तर तुमचंच पीक वाचलं असतं’ असंही तुम्ही लिहिलंय. दादा, तारेवर बसला होता तो पारवा नव्हता, त्याच्याहून लहान असतो तो होला होता. होला काय, पारवा काय, दोघंही मुख्यतः जमिनीवरचं खाणारे. पेरणीच्या वेळी उघडं पडलेलं बी टिपतात, हरभरा उकरतात, खळ्यावर सांडलेलं वेचतात, तेव्हा आम्हीही त्यांना हाकलतो. पण उभ्या कणसाचा भुगा करतात त्या भोरड्या (गुलाबी मैना), चिमण्या आणि राघू. भोरड्या पावसाळा सरता सरता मध्य आशियाकडून येतात. हजारांचा थवा एकदा उतरला की वाफा पांढरा दिसायला लागतो. हुरड्याचं वाण गोड, आणि आम्ही ते टप्प्याटप्प्याने पेरतो, त्यामुळे शेजारच्या मालदांडी ज्वारीत दाणा भरायच्या आधी आमच्या कणसात दूध असतं. सगळ्या शिवाराची पाखरं मग आमच्याकडेच येतात. एका होल्याने यात काय वाचणार होतं? त्यात याच भोरड्या टोळ आणि नाकतोडेही खातात, म्हणून अण्णा त्यांना नुसतं हुसकावतात, वाईट बोलत नाहीत.

तुमचे भाऊ इंग्लंडला असतात, तिथे शेतकरी स्वतः बंदूकवाल्यांना बोलावून कबुतरं मारून घेतात, हे तुम्ही मला आगटीपाशी सगळ्यांसमोर ऐकवलंत. मी तेव्हा गप्प बसले, कारण मला माहीत नव्हतं. मुलीने शोधून वाचून दाखवलं. खरं आहे. तिथला वुड पिजन आपल्या पारव्याहून बराच मोठा असतो, मानेवर पांढरा डाग असतो, आणि थंडीत तेलबियांच्या पिकाची कोवळी पानं थवेच्या थवे ओरबाडून खातो. शेताच्या कडेला जाळीच्या आडोशाला बसून, पुढे नकली कबुतरं मांडून लोक त्यांना टिपतात आणि मांस खातात. पण तेही सरकारच्या सर्वसाधारण परवान्याखाली (वेगळा अर्ज लागत नाही, पण अटी पाळाव्या लागतात), पिकाचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी, आणि आधी हुसकावण्यासारखे दुसरे उपाय करून बघायचे या अटीवर. २०१९च्या एप्रिलमध्ये तर कायदेशीर आव्हानानंतर तिथले असे परवाने मागे घेतले गेले, आणि वुड पिजनसाठी मे महिन्यात नवा काढावा लागला. म्हणजे तिथेही कुणीही उठून मजेखातर मारावं असं नाही. आपल्याकडे होला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षित आहे. त्या कायद्यात नुसतं जखमी करणं, मारायचा प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच धरतात. छोट्या एअरगनला परवाना लागत नाही म्हणून पाखरू मारायची परवानगी मिळत नाही. उद्या वनखात्याचा माणूस आला तर जबाब आम्हालाही द्यावा लागेल, शेत आमच्या नावावर आहे.

आमच्या घरात चार महिन्यांचा हा धंदा आहे, त्यावर मुलीची फी आणि विहिरीचं कर्ज चालतं. तुमच्या अभिप्रायानंतर पुढच्या रविवारची एक बुकिंग रद्द झाली. तारा वाचूनच झाली, हे त्यांनी फोनवर सांगितलं.

फाटकावर एअरगन आणू नये असा फलक लावतोय. आगटीही दोन करायचं बघतोय, आणि माळ्यापासून लांबच्या दोन खोल्या लहान मुलं असलेल्यांना आधी देऊ, जमेल तसं. तुमच्या जादा तीन माणसांचे माणशी ६०० प्रमाणे १८०० रुपये परत करते, बुकिंगच्या नंबरवर फोन करा.

छर्रा होल्याच्या पंखाला लागला होता. मुलीने त्याला टोपलीखाली ठेवलंय, पाणी पितोय, उडत नाही अजून. तुमचा मुलगा जाताना त्याच्याकडे वळून बघत होता, म्हणून सांगितलं.

तारा एकच राहू द्या, दादा. ‘हिसकावून’ हा शब्द तेवढा काढा.